दीड बोट उतार

माझ्या हातचं काम कुणी वाकडं म्हटलं की माझं डोकं फिरतं. चाळीस वर्षं थापी धरली आहे. या भागातल्या निम्म्या भिंती माझ्या ओळंब्याखालून गेल्यात आणि त्यातली एकही पोट पुढे काढून उभी नाही. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, मुलगा करतो काय? माझे वडील उठले. त्यांनी सासऱ्यांना हाताला धरून मी बांधलेल्या एका जिन्यावर चढवलं आणि उतरवलं. लग्न ठरलं. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सांगताना माझी जीभ अजून जड होते.

आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून बाग आहे. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला घसरगुंडी आणि चार झोके. मग चालायची गोल वाट, वाटेच्या आत हिरवळ, पलीकडे व्यायामाची लोखंडी यंत्रं. त्या यंत्रांवर बसून लोक व्यायाम कमी करतात आणि गप्पा जास्त मारतात. अगदी शेवटी, कुंपणाला लागून, सिमेंटचं टेबल टेनिसचं टेबल आहे. नऊ फूट लांब, पाच फूट रुंद, मधोमध जाळीच्या जागी लोखंडी पत्रा. एक टोक फाटकाकडे, दुसरं पाण्याच्या टाकीकडे. हे टेबल मी बांधलं, एकोणीस वर्षांपूर्वी, एकट्यानं, चार दिवसांत. त्यानंतर घसरगुंडी तीनदा बदलली, झोक्यांच्या साखळ्या किती वेळा तुटल्या त्याची मोजदाद नाही, पण टेबलाला केसाएवढी चीर नाही. हात फिरवून बघा, अजून काचेसारखं लागतं.

आणि त्याला उतार आहे. रुंदीच्या बाजूनं, कुंपणाकडे, दीड बोट.

ही गोष्ट बागेत येणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पाऊस पडून गेला की अर्ध्या तासात आमचं टेबल कोरडं. दुसऱ्या बागांमध्ये टेबलावर पाण्याची तळी साचतात आणि मुलं फडकी पिळत बसतात. आमचे पोस्टमास्तर, म्हणजे नोकरीतून कधीच निवृत्त झालेले पण नाव तेच चिकटलेले, रोज टेबलासमोरच्या बाकावर बसतात. नवीन माणूस दिसला की त्याला थांबवून सांगतात, "हा उतार बघितलात? आमच्या मिस्त्रींनी मुद्दाम ठेवलाय. पाण्याचा विचार आधी करणारा माणूस!" मी जवळपास असलो की जमिनीकडे बघून हसायचो. अंगावर मूठभर मांस चढायचं.

खरं सांगायचं तर तो उतार मुद्दाम ठेवलेला नव्हता.

बागेच्या कचेरीतून मला एक कागद मिळाला होता. त्यावर मापं होती आणि खाली लिहिलं होतं, वरचा भाग संपूर्ण सपाट हवा. त्याखाली दोन रेघाही ओढलेल्या होत्या. मी मापं बघितली आणि कागद खिशात घातला. मला काय शिकवता, असा त्या वेळचा माझा रुबाब. पण आयुष्यभर मी गच्च्या केलेल्या. उघड्या आभाळाखाली काहीही सपाट करायला बसलो की माझा हात त्याला आपोआप उतार देतो, मला विचारत नाही. पाणी साचलं तर छत गळतं, ही भीती मनगटात मुरलेली. चौथ्या दिवशी घोटाई वाळल्यावर मी आपल्या समाधानासाठी वर सपाटी तपासायची पाणसळ ठेवली. आतला बुडबुडा मधे यायच्या ऐवजी एका टोकाला जाऊन बसला. मी पाणसळ पुसली, उलटी करून ठेवली. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला.

तेवढ्यात बागेच्या कचेरीतले साहेब आले. हात फिरवून म्हणाले, "उतार वाटतोय का हो?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मुद्दाम ठेवलाय साहेब, पाणी निघून जायला." साहेब खूश झाले. घरी येऊन बायकोला खरं सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "सांगून टाका ना त्यांना." मी म्हणालो, "उद्या सांगतो." त्या उद्याला एकोणीस वर्षं झाली.

आता मुंगीबद्दल. मुंगी माझी नात, मुलाची मुलगी, वय बारा. घरात सगळ्यात लहान आणि सदा कामात, म्हणून आजीनं ठेवलेलं नाव. टेबलाला हनुवटी टेकायची तेव्हापासून ती त्या टेबलावर खेळते. बागेत एक नियम आहे, कुणी केला माहीत नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. जिंकेल तो आपली जागा सोडत नाही. हरेल तो बाजूला होतो आणि रांगेतला पुढचा त्याच्या जागी येतो. टाकीकडच्या टोकाला मुलं राजाची बाजू म्हणतात, कारण पहिल्या डावाला सगळ्यात वरचा खेळाडू तिथं उभा राहतो आणि हरेपर्यंत हलत नाही. गेली दोन वर्षं राजाच्या बाजूला मुंगी उभी आहे. तिच्याहून दोन हात उंच मुलं घाम पुसत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहतात. मी पोस्टमास्तरांच्या शेजारी बसून बघतो आणि काही कळत नाही असं दाखवतो. खरं तर माझ्याएवढं फुगलेलं माणूस त्या वेळी सगळ्या बागेत नसतं.

यंदा तिच्या शाळेत चार मुलींचा संघ निवडायचा होता. आंतरशालेय सामन्यांसाठी. मुंगी सकाळी उड्या मारत गेली. दुपारी आली ती गुपचूप आत गेली, बॅट कपाटावर फेकली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी विचारलं, तिनं सांगितलं नाही. तिच्या आईनं विचारलं, नाही सांगितलं. शेवटी आजी तिच्याशेजारी जाऊन आडवी झाली आणि काहीच विचारलं नाही, तेव्हा सगळं बाहेर आलं.

"एकही चेंडू टेबलावर पडला नाही गं आजी. सगळे उजवीकडून बाहेर."

"सगळे?"

"अकरा-दोन हरले. ते दोनसुद्धा समोरच्या मुलीनं चुकवले म्हणून." मुंगीनं नाक ओढलं. "खेळाच्या बाई म्हणाल्या, हात चुकीचा बसलाय. इतका बसलाय की आता निघणं अवघड आहे."

तीन मुली नक्की झाल्या होत्या. चौथी जागा बाईंनी रिकामी ठेवली होती. आठ दिवसांनी, पुढच्या शनिवारी, एका उंच मुलीबरोबर मुंगीचा पुन्हा सामना, आणि त्यात जी जिंकेल ती आत. बाईंनी एवढी संधी दिली तीच मोठी गोष्ट.

"कुठं शिकलीस असं बाईंनी विचारलं," मुंगी म्हणाली. "मी काही बोलले नाही."

"का गं? बागेत शिकले म्हणायचं," मी दारातून म्हणालो.

ती उठून बसली. "मग त्या म्हणाल्या असत्या की टेबल वाकडं आहे. तुम्ही मुद्दाम पाण्यासाठी उतार ठेवलाय ते त्यांना काय माहीत आजोबा? उगाच तुम्हाला नावं ठेवली असती."

आजीनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. बारा वर्षांची पोर माझं नाव राखायला स्वतः गप्प बसली होती आणि ती राखत होती ते नावच खोटं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बसल्या बसल्या डोक्यात सगळं लख्ख झालं. राजाच्या बाजूला उभं राहिलं की कुंपण डाव्या हाताला येतं. म्हणजे टप्पा पडला की चेंडू डावीकडे ओढला जातो. दोन वर्षं जागा न सोडता ती तिथंच उभी. चेंडू सरळ जावा म्हणून तिच्या मनगटानं प्रत्येक फटक्याला उजवीकडे वळवणारा एक बारीकसा काप द्यायला शिकून घेतलं. वाकड्या टेबलावर तो काप उताराला पुरा पडायचा. सपाट टेबलावर उतारच नाही, मग चेंडू उजवीकडून बाहेर जाणार, दुसरं काय होणार? माझ्या हाताची सवय टेबलात गेली आणि टेबलाची सवय नातीच्या हातात.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. पाणसळ फडक्यात गुंडाळून काखेत घेतली होती. दारावरच्या माणसानं विचारलं, "आत काय आहे?" मी म्हणालो, "सत्य." तो गोंधळला आणि त्यानं सोडलं. सभागृहात दोन टेबलं होती, हिरवीगार, चाकांची. मी एकावर पाणसळ ठेवली. आडवी, उभी, तिरकी. बुडबुडा मधोमध, दोन रेघांच्या आत, जागचा हलेना.

"आजोबा, तुम्ही कोण?" मागून खेळाच्या बाईंनी विचारलं. तरुण होत्या, गळ्यात शिट्टी, आवाजात दरारा.

"गवंडी," मी म्हणालो. "सपाट टेबल कसं असतं ते बघायला आलो."

"मग? कसं असतं?"

"फार सपाट असतं," असं म्हणून मी निघालो. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं की शंका, ते बघायला थांबलो नाही.

येताना पहिला विचार आला, टेबलाचा वरचा थर छिन्नीनं फोडून काढायचा आणि नव्यानं सपाट करायचा. माझ्यासाठी दोन दिवसांचं काम. पण सिमेंट काही नुसतं लावून भागत नाही. त्याला निदान सात दिवस पाणी पाजावं लागतं, तेव्हा ते घट्ट होतं. त्याआधी त्याच्यावर चेंडू आपटला तर पापुद्रे सुटतात. शनिवारला सात दिवस उरले होते. म्हणजे टेबल तयार होणार सामना संपल्यावर. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, घाई करू नका, सिमेंट घाई ऐकत नाही. ते आता मलाच ऐकून घ्यावं लागलं.

मग दुसरा रस्ता काढला. स्लॅब भरताना खाली लावतात त्या जाड प्लाय माझ्या माळ्यावर पडून होत्या. दोन निवडल्या, पत्र्याच्या दोन्ही अंगांना एकेक बसेल अशा मापात कापल्या आणि घासून गुळगुळीत केल्या. खाली पोकळी राहिली तर चेंडू मेल्यासारखा उडतो, म्हणून पाचरी न लावता चाळलेल्या कोरड्या वाळूची गादी घालायची ठरवली. कुंपणाकडे दीड बोट जाड, अलीकडे येईपर्यंत शून्य. वाळू सांडू नये म्हणून कडेला लाकडी पट्टी. रविवारी सकाळी हे सगळं हातगाडीवर घालून बागेत नेलं. माळीबुवांची परवानगी आधीच काढली होती. त्यांची एकच अट, एकही खिळा मारायचा नाही.

मी वाळू ओतायला लागलो आणि मुलं धावत आली.

"मिस्त्रीआजोबा, हे काय करताय?"

"टेबल झाकताय?"

"आम्ही कुठं खेळायचं?"

एक गोलमटोल पोरगा तर टेबलावर चढून मांडी घालून बसला. म्हणाला, उतरणार नाही. एवढ्यात पोस्टमास्तर काठी टेकत आले. वाळू बघितली, प्लाय बघितल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

"मिस्त्री, उतार बुजवताय? तुमचा उतार?"

"आठ दिवसांपुरता," मी म्हणालो.

"पण का? कशासाठी? अहो, एवढा विचार करून ठेवलेला उतार! मी माझ्या जावयाला मुद्दाम आणून दाखवलाय तो. परगावच्या पाहुण्यांना दाखवलाय. तुम्ही इतक्या वर्षांपूर्वी पाण्याचा विचार..."

"नव्हता केला," मी म्हणालो.

"काय नव्हता केला?"

मुंगी टाकीजवळ उभी होती. बॅट हातात, डोळे माझ्यावर. चालायच्या वाटेवरची दोन-चार माणसंही थांबली होती. मी थापी खाली ठेवली. ती हातात असताना मला हे बोलता आलं नसतं.

"मी पाण्याचा विचार केला नव्हता मास्तर. कागदावर सपाट लिहिलं होतं, मी नीट वाचलं नाही. हाताला गच्चीची सवय, हातानं उतार दिला. चौथ्या दिवशी मला कळलं. तेव्हा खोटं बोललो आणि आजपर्यंत बोलत आलो. टेबल वाकडं आहे. माझ्याकडून चुकलंय."

झोक्याची साखळी तेवढी कुरकुरत होती. माझे कान तापले होते. वाटलं, आता ही मुलं हसतील आणि उद्यापासून मला या फाटकातून मान वर करून आत येता येणार नाही.

पोस्टमास्तरांनी काठी जमिनीवर आपटली. "म्हणजे एकोणीस वर्षं मी लोकांना थापा मारतोय?"

"तुम्ही नाही, मी मारतोय. तुम्ही पोचवत होतात."

मग त्यांच्या पोटातून एक हसू निघालं ते थांबेना. "पोचवत होतो! जन्मभर दुसऱ्यांचीच पत्रं पोचवली, निवृत्त झाल्यावर ही थाप पोचवली!" हसता हसता ते बाकावर बसले. "पण मिस्त्री, एक सांगा. पाणी साचतं का टेबलावर?"

"नाही साचत."

"मग झालं तर. ए गोळ्या, उतर खाली. मिस्त्रींना काम करू दे."

गोलमटोल पोरगा उतरला. जाता जाता मला म्हणाला, "आम्हाला माहीत होतं आजोबा. एवढा उतार कुणी मुद्दाम ठेवतं का?"

मुंगी मात्र जवळ आली नाही. मी वाळूवर सरळ पट्टी फिरवत होतो, तेव्हा हळूच शेजारी येऊन उभी राहिली आणि वाळूतले खडे वेचायला लागली. बराच वेळ वेचत होती. मग म्हणाली, "मला सांगायचं ना आजोबा. मी नसतं कुणाला सांगितलं." मी तिला म्हणालो, "म्हणूनच नाही सांगितलं. माझं खोटं तुला लपवत बसावं लागलं असतं." आम्ही दोघांनी मिळून प्लाय बसवल्या, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं चारी कोपऱ्यांची पातळी जुळवली, वर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधे आला आणि मुलांनी आरडाओरडा केला. एकोणीस वर्षं उशिरा का होईना, साहेबांच्या कागदावरचं टेबल मी पुरं करून दिलं.

पुढचे सहा दिवस बागेनं मुंगीसाठी आपला नियम बाजूला ठेवला. जिंको की हरो, तिनं दर डावाला टोक बदलायचं, असं मुलांनी ठरवलं. पहिले दोन दिवस ती प्रत्येकाकडून हरली. गोळ्याकडूनसुद्धा. मनगट वळलं की चेंडू उजवीकडून जमिनीवर, आणि ती ओठ चावत पुन्हा उभी. तिसऱ्या दिवशी ती रडली, बॅट गवतात फेकली आणि स्वतःच जाऊन उचलून आणली. चौथ्या दिवशी तिचं मनगट थोडं मोकळं वाटलं. पाचव्या दिवशी सरळ फटका सरळ जायला लागला. पोस्टमास्तर बाकावरून मोजत होते, सलग सतरा! संध्याकाळी आजी पहिल्यांदा बागेत आली, पदर खोचून बाकावर बसली आणि काही कळत नसताना प्रत्येक टप्प्याला मान डोलवत राहिली.

शनिवारी सभागृहात आम्ही तिघं गेलो. मी, आजी आणि आमंत्रण नसताना पोस्टमास्तर. भिंतीला लागून खुर्च्या होत्या. उंच मुलीचे वडील माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी सभ्यपणे विचारलं, "तुमची नात कुठल्या क्लासला जाते?"

"बागेत जाते," मी म्हणालो.

"बागेत क्लास असतो?"

"टेबल असतं," असं सांगून मी समोर बघायला लागलो.

तीन डावांचा सामना. पहिला मुंगी हरली, अकरा-सात. हात जपून खेळत होती, भीत भीत. आजीनं माझं मनगट पकडलं आणि सोडलंच नाही. दुसऱ्या डावात ती जरा सैल झाली. सगळे फटके सरळ, एकात काप नाही. उंच मुलीचे दोन चेंडू जाळीत गेले आणि मुंगीनं डाव घेतला, अकरा-नऊ. खेळाच्या बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या, त्या आता टेबलाच्या जवळ येऊन उभ्या राहिल्या.

तिसरा डाव नऊ-नऊपर्यंत आला. दोन्ही सर्व्हिस मुंगीच्या. दोन गुण मिळवले तर संघात, नाहीतर घरी. पोस्टमास्तरांनी डोळे मिटून घेतले होते.

मुंगीनं चेंडू तळहातावर घेतला, टेबलाकडे बघितलं आणि मग क्षणभर माझ्याकडे. मला तिचं मनगट दिसलं. ते वळलं. तोच बारीक काप, बागेतला, राजाच्या बाजूचा. माझा जीव गेला. वाटलं, गेली, घाबरली आणि जुनी सवय वर आली. पण या वेळी तिनं चेंडू डाव्या कडेजवळ टाकला होता. तिथून तो उजवीकडे वळून टेबलावरच उतरला आणि उंच मुलीची बॅट हवेत फिरली. चेंडू तिच्यापासून हातभर लांबून निघून गेला होता. दहा-नऊ.

सभागृहात कुणीतरी "अरे!" म्हणालं.

दुसऱ्या सर्व्हिसला उंच मुलगी आधीच वळणाच्या बाजूला सरकून उभी राहिली. मुंगीनं तसंच मनगट उचललं, तसंच वळवायला घेतलं आणि शेवटच्या क्षणी मोकळं सोडलं. चेंडू सुतासारखा सरळ गेला, रिकाम्या जागेत. अकरा-नऊ.

आजी रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही. पोस्टमास्तर डोळे उघडून विचारत होते, "काय झालं? काय झालं?" मी उठलो आणि पुन्हा बसलो. त्या पोरीचा हात बिघडलेला नव्हता. इतरांना येत नव्हती अशी एक गोष्ट त्याला जास्त येत होती, आणि ती कधी काढायची आणि कधी आवरायची हे तिनं सहा दिवसांत शिकून घेतलं होतं. इतका अभिमान मला माझ्या एकाही भिंतीचा कधी वाटला नाही.

बाईंनी चार नावं वाचली. चौथं मुंगीचं. मग त्यांनी बाकीच्या तिघींना टेबलाजवळ बोलावलं आणि मुंगीला म्हणाल्या, "ती पहिली सर्व्हिस कशी केलीस? या तिघींना दाखव."

मुंगीनं एकदा करून दाखवली. एका मुलीनं प्रयत्न केला, चेंडू सरळच गेला. दुसरीचा जाळीत. तिसरीनं मनगट इतकं वळवलं की बॅट हातातून सुटली. मुंगीनं जरा विचार केला.

"बाई, ही इथं नाही यायची," ती म्हणाली. "इथलं टेबल सपाट आहे. हिच्यासाठी आमच्या बागेत यावं लागेल."

तिघी हसल्या. बाई हसल्या नाहीत. "का? तुमच्या बागेतलं टेबल कसं आहे?"

मुंगीनं माझ्याकडे बघितलं. ती पुन्हा माझंच नाव राखत होती. मी उठलो. उंच मुलीचे वडील, शिपाई, मुलींच्या आया, सगळे वळून बघायला लागले.

"वाकडं आहे बाई," मी म्हणालो, आणि माझा आवाज सगळ्या सभागृहात खणखणीत वाजला. "मी बांधलंय. संध्याकाळी पाच वाजता मुलींना घेऊन या, तोवर मी वरची प्लाय काढून ठेवतो."